उणे बत्तीस

उलियास्तायच्या या दुकानात तीन वर्षं
मी पुठ्ठ्यावर रेघा मारून तक्ते लिहितो.
डावीकडं हा फोन, उजवीकडं तो:
रॅम, मेमरी, मागचे कॅमेरे, पुढचा एक,
स्क्रीन किती इंच, बॅटरी केवढी.
गिऱ्हाईक दारात बूट झटकेपर्यंत
माझी पहिली ओळ म्हणून झालेली असते.

खांदजाव आली मोटरसायकलवरून, चार तासांची वाट,
पापण्या बर्फानं पांढऱ्या.
देलच्या आत, छातीशी हात घालून
तिनं आधी तपकिरीची कुपी काढली, मग
बटणांचा जुना फोन, अंगाइतकाच ऊबदार,
पाचाचा आकडा झिजून सपाट.
"मुलगा म्हणतो, तोंड दिसेल असा घे.
तू बोल. मी ऐकते."

मी बोललो.
पाढा संपला तेव्हा म्हणाली,
"हे सगळं घरात बसल्यावरचं झालं."

दोन्ही फोन उचलून ती दाराबाहेर उभी राहिली.
समोरच्या उतारावर कुणाच्या तरी शेळ्या,
नुसत्या डोळ्यांना तीळ सांडल्यासारख्या.
पहिल्या फोनमध्ये तिनं दोन बोटांनी
डोंगर ताणून जवळ घेतला: अकरा.
दुसऱ्यात: बारा.
"बारावा कुत्रा आहे.
पण दिसला ना."

मग हातमोजे चढवले. म्हणाली, लाव फोन.
वाजला. लोकरीचं बोट काचेवरून घसरत राहिलं.
तिनं मान वाकवली आणि नाकाच्या शेंड्यानं
हिरवं वर्तुळ सरकवलं.
"हॅलो," ती म्हणाली, माझ्यापासून दोन हातांवर.
मालक बघत होता. मीही म्हणालो, "हॅलो."
नाकाला दोन्ही चालले. तिथं बरोबरी.

"आता बाहेर ठेव."

लुव्सानच्या तोंडात मांसाचा मोमो होता, तो तिथंच थांबला.
नमुन्याचे फोन, तेही बर्फात!
मग त्यानं गिळलं आणि हात हलवला: ठेव.
समोर बँकेच्या पाटीवर उणे बत्तीस.

भिंतीवरच्या बर्फात दोघं शेजारी शेजारी, उताणे, उजेड चालू.
आत आम्ही मिठाचा दुधाळ चहा प्यायला लागलो.
टॅक्सीवाला आला, तो थांबला.
शाळेच्या दोन मुली आल्या, त्यांनी फुंकर मारून
काचेवर आपापलं भोक केलं.
पोलिसानं पाच हजार तुगरुग बारक्यावर लावले,
बायकोकडं तोच आहे म्हणून.

एकोणिसाव्या मिनिटाला बारका गेला.
एकेचाळीस टक्के शिल्लक दाखवत गेला,
खात्यात पैसे असताना माणूस जावा तसा.
पोलीस म्हणाला, तरीच. आणि कुणाला तरी
फोन करायला बाहेर गेला.

जाडा राहिला. पाऊण तास, तास.
हळू झाला होता, मुलीनं बोट लावलं तर
विचार करून उत्तर द्यायचा,
पण द्यायचा.
खांदजावच म्हणाली, "पुरे. आणा आत.
जिवंत आहे म्हणून किती वेळ बाहेर ठेवायचं."

तिनं भाव पाडला, कारण
एवढा वेळ दुकान कुणामुळं भरलं होतं?
लुव्साननं वर एक कव्हर दिलं.
दोन्ही फोन, नवा आणि झिजल्या पाचाचा,
देलच्या आत गेले, त्यांच्यावर कुपी,
त्यावर कमरपट्टा करकचून.
मोटरसायकल तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

त्या रात्री मी तक्त्याखाली एक ओळ वाढवली:
बर्फात किती वेळ.
त्याखाली आणखी एक: नाक.

मे महिन्यात नवा माल आला, नवा पुठ्ठा.
सगळे रकाने भरले, नाकाचासुद्धा
(मीच लावून पाहिलं, मागच्या खोलीत).
एक तेवढा कोरा राहिला.
कॉलेजच्या पोरानं विचारलं, इथं काय?
म्हटलं, घाई नसेल
तर जानेवारीत ये.